आपलेच दांत, आपलेच ओठ

शहरांत राहणाऱ्या प्रत्येक माणसाची रस्त्यावर कोणाशीं ना कोणाशीं तक्रार असते, आणि बहुधा ती आपल्याहून मोठ्या वाहनाविषयीं असते. पायीं चालणारा दुचाकीवाल्यास नांवें ठेवतो, दुचाकीवाला मोटारवाल्यास, मोटारवाला बसवाल्यास. आणि बसवाला, आम्हांस वाटतें, मेट्रोच्या खांबांस नांवें ठेवीत असावा. या उतरंडींत सायकलस्वाराची जागा पादचाऱ्याच्या किंचित् वर आणि इतर सर्वांच्या खालीं. त्यामुळें तक्रार करण्याचा आमचा अधिकारहि मोठा, आणि तो आम्ही गेलीं चोवीस वर्षें मनसोक्त बजावीत आलों आहों. बसनें कडेला दाबलें, रिक्षा ऐन वाटेंत थांबली, उभ्या मोटारीचें दार अचानक उघडलें, यांपैकीं कोणताहि विषय निघाला कीं आम्ही पंगत उठेपर्यंत बोलत राहतों, हें आमच्या घरच्या मंडळींस चांगलें ठाऊक आहे.

परंतु ज्या दुःखाविषयीं आम्ही घरींहि फारसें बोललों नव्हतों, तें निराळें आहे. तें आमच्याच सायकलस्वार बांधवांनीं दिलेलें आहे. परक्याच्या धक्क्यापेक्षां घरच्याचें बोट डोळ्यांत गेलें तर अधिक झोंबतें. बसवाल्याविरुद्ध बोलतांना सारी पंगत आमच्या बाजूची असते, पण सायकलवाल्याविरुद्ध बोलूं लागलों कीं आमचा पुतण्या हळूच विचारतो, “काका, तुम्हीहि सायकलवालेच ना?” आपलेच दांत आणि आपलेच ओठ, चावल्याची तक्रार करावी कोणाकडे?

आमचें घर कोथरुडांत आणि कचेरी जंगली महाराज रस्त्यावर, बालगंधर्व रंगमंदिराजवळ. अंतर सुमारें सहा किलोमीटर. ६ मार्च २०२२ रोजीं वनाझपासून गरवारे महाविद्यालयापर्यंत मेट्रो सुरू झाली, तेव्हां आतां तरी हे सायकल सोडतील अशी आशा आमच्या सौभाग्यवतींस वाटली होती. पण सायकलीचें वेड आम्हांस वारशानें मिळालेलें आहे. आमचे वडील नारायण पेठेंतील वाड्यांत राहत असतां त्यांच्यापाशीं एक काळी, उंच सायकल होती. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीचें पाणी पेठेंत शिरलें, तेव्हां ती चिखलांत गाडली गेली. वडिलांनीं ती उकरून काढली, धुतली, तेल घातलें आणि पुढें सेवानिवृत्तीपर्यंत वापरली.

त्या काळीं पुणें हें सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. सायकलीस बिल्ला लागे, रात्रीं दिवा लागे, आणि दुसऱ्यास बसवून नेणें हा गुन्हा असे. बिनदिव्याचा किंवा ‘डबल सीट’ जाणारा सांपडला कीं हवालदार चाकांतली हवा सोडून देई, आणि अपराध्यास सायकल हातांत धरून मुकाट्यानें घरीं जावें लागे. वडिलांस ही शिक्षा फार न्याय्य वाटे; ज्याच्या पायांनीं गुन्हा केला, त्याच्याच पायांनीं दंड भरावा, असें ते म्हणत. त्यांचा स्वतःचा नियम याहून साधा होता. जेथें सायकलीवर बसून जाण्यास मनाई, तेथें उतरावें आणि चालूं लागावें. “उतरल्यानें कोणी लहान होत नाहीं,” हें त्यांचें ठरलेलें वाक्य. या वाक्याचें पुढें काम पडणार आहे, म्हणून वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें.

आतां बिल्ला गेला आणि हवा सोडणारा हवालदारहि गेला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांतील मोटार-वाहनाची व्याख्याच यंत्रशक्तीनें चालणाऱ्या वाहनाची असल्यामुळें साध्या सायकलीस परवाना लागत नाहीं, नोंदणी लागत नाहीं, कीं क्रमांकाची पाटी लागत नाहीं. चौकांतले कॅमेरे पाटी वाचून दंडाची सूचना थेट मोबाइलवर धाडतात. सायकलीस पाटीच नाहीं, तेव्हां कॅमेऱ्याच्या लेखीं आम्ही अस्तित्वांतच नाहीं. ज्यास कोणी पाहत नाहीं त्याचें वर्तन कसें असतें, याचा अभ्यास करावयाचा असेल त्यानें सकाळीं कर्वे रस्त्यावरील कोणत्याहि चौकांत अर्धा तास उभें राहावें.

आम्हीं हा अभ्यास पुष्कळ केला असून नियम मोडणाऱ्या सायकलस्वारांचे मनाशीं पांच वर्ग पाडले आहेत. पहिला वर्ग वटवाघळांचा. पशुपक्ष्यांच्या लढाईंत जो पक्ष वरचढ होईल त्याच्यांत सामील होणाऱ्या वटवाघळाची गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. सिग्नल हिरवा असेपर्यंत ही मंडळी वाहन असतात. तो तांबडा झाला कीं तीं तत्काळ पादचारी होतात आणि झेब्रा पट्ट्यांवर चालणाऱ्या माणसांमधून पायडल मारीत पार होतात. दुसरा वर्ग थव्यांचा. रविवारीं पहांटे खडकवासल्याकडे निघालेले हे वीर शिरस्त्राण, चष्मा, हातमोजे अशा सर्व आयुधांनीं सज्ज असतात. पण चौघे-चौघे एका ओळींत गप्पा मारीत चालल्यामुळें मागच्या दूधवाल्यास वाट मिळत नाहीं, आणि त्यानें घंटी वाजविली तर त्यासच घाई केल्याचा दोष लागतो. तिसरा वर्ग कान बुजविलेल्यांचा. यांच्या कानांत गाणें चालूं असतें, आणि बाकीचें जग त्यांच्यापुरतें मुकें झालेलें असतें. चौथा वर्ग बिनदिव्यांचा. यांत रात्रपाळी संपवून परतणारे पहारेकरी आणि खाणावळींतलीं पोरें अधिक असल्यानें त्यांस बोल लावतांना आमची जीभ अडखळते. पांचवा वर्ग सर्वांत मोठा आणि सर्वांत वाईट. तो एकेरी रस्त्यावर उलट दिशेनें येणाऱ्यांचा.

या पांचव्या वर्गाची कैफियतहि ऐकली पाहिजे. डेक्कनवरून बालगंधर्वकडे जावयाचें, तर जंगली महाराज रस्ता एकेरी. त्यावरील वाहनें शिवाजीनगरहून डेक्कनकडे येतात. तेव्हां सरळ मार्ग म्हणजे फर्ग्युसन रस्त्यानें पुढें जाऊन आडव्या रस्त्यानें खालीं उतरावें. मोटारवाल्यास हा वळसा थेंबभर पेट्रोलांत पडतो. सायकलस्वारास तो स्वतःच्या पोटऱ्यांनीं फेडावा लागतो. शिवाय ज्या शहरानें २०१७ सालीं सायकलींचा आराखडा तयार केला, तेथें सायकलींच्या वाटा तुकड्यातुकड्यांनींच सांपडतात, आणि सांपडलेल्या तुकड्यावर कोणाची तरी मोटार विश्रांति घेत असते. रस्ता आपल्यासाठीं केलेलाच नाहीं, मग त्याचे नियम आपण कां पाळावे, असा प्रश्न एखाद्यास पडला तर त्यांत अगदींच तथ्य नाहीं असें म्हणवत नाहीं.

असें असलें तरी आम्ही गप्प बसणाऱ्यांपैकीं नव्हतों. नियम मोडणारा सायकलवाला दिसला कीं त्यास दोन शब्द सुनावणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजत असूं. एकदां नळ स्टॉपच्या चौकांत एक तरुण तांबडा दिवा असतां चाक पुढें काढूं लागला. आम्ही गरजलों, “अहो, तांबडा दिवा दिसत नाहीं काय?” त्यानें शांतपणें आमच्याकडे पाहिलें आणि म्हटलें, “दिसतो, काका. पण तुम्ही कुठें उभे आहांत तें एकदां बघा.” आम्हीं खालीं पाहिलें. आमचीं दोन्ही चाकें झेब्रा पट्ट्यांवर होतीं, आणि भाजीची पिशवी घेतलेली एक बाई आम्हांस वळसा घालून जात होती. तो तरुण निघून गेला. आम्ही मात्र दिवा हिरवा होईपर्यंत पायांनीं सायकल मागें मागें रेटीत राहिलों. दुसऱ्या एका प्रसंगीं उलट्या दिशेनें चाललेल्या मुलास आम्हीं मोठ्यानें हांक मारली. कोण ओरडतो हें पाहण्यासाठीं तो मान वळवून मागें बघूं लागला, आणि समोरून आलेल्या रिक्षाखालीं जातां जातां वांचला. रिक्षावाला त्या मुलास सोडून आमच्यावर उखडला. त्याचें बरोबर होतें, पण तें आम्हांस त्या वेळीं पटलें नाहीं.

आतां ज्या प्रसंगामुळें हा लेख लिहावयास घेतला तो सांगतों. आमच्या थोरल्या वहिनींस नाटकांचें लहानपणापासून वेड. वयाची अडुसष्ट वर्षें झालीं तरी महिन्यांतून एक तरी नाटक मैत्रिणीबरोबर पाहावयाचें, हा त्यांचा नेम. २०२३ च्या फेब्रुवारींतल्या एका रविवारीं बालगंधर्वमध्यें दुपारचा प्रयोग पाहून त्या बाहेर पडल्या आणि समोरच्या बाजूस जाण्यासाठीं रस्ता ओलांडूं लागल्या. वहिनी रस्त्याच्या बाबतींत अतिशय जपून वागणाऱ्या. रंगमंदिराकडून निघालेल्यास येथें वाहनें उजवीकडून येतात; म्हणून त्यांनीं उजवीकडे पाहिलें, मोटारी थांबल्याची खात्री केली, आणि शेवटपर्यंत उजवीकडे नजर ठेवूनच सारा रस्ता पार केला. पलीकडच्या पदपथावर पाऊल ठेवावयाचें तेवढें राहिलें होतें. तोंच डावीकडून, डेक्कनच्या बाजूनें, कडेकडेनें एक सायकल आली.

सायकलीस आवाज नसतो. या गुणाची स्तुति आम्हीं जन्मभर केली आहे. ती धूर सोडीत नाहीं, गोंगाट करीत नाहीं, कोणाची झोंप मोडीत नाहीं. पण डाव्या बाजूस न पाहणाऱ्या माणसास सावध करील असेंहि तिच्यापाशीं कांहीं नाहीं. मोटार उलट्या दिशेनें आली असती तर निदान तिच्या आवाजानें वहिनींनीं मान वळविली असती. त्या उजव्या कुशीवर पडल्या आणि खुब्याचें हाड मोडलें.

निरोप मिळतांच आम्ही रुग्णालयांत धांवलों. वाटेंत रिक्षांत बसून मनाशीं भाषण जुळवीत होतों. दोन तपांचा सांठलेला राग होता; एकेक वाक्य असें कीं ऐकणाऱ्यानें जन्मांत पुन्हां सायकलीस हात लावूं नये. आंत गेलों तों बाहेरच्या बांकावर एक एकोणीस-वीस वर्षांचा परगांवचा विद्यार्थी बसलेला. सदऱ्याची बाही फाटलेली, कोंपर खरचटून रक्त सुकलेलें. मांडीवर वहिनींची पर्स, आणि हातांत रुमालांत गुंडाळलेला त्यांचा चष्मा. एक कांच तडकलेली. वहिनींस त्यानेंच मैत्रिणीच्या मदतीनें रिक्षांतून आणलें होतें. आम्हांस पाहतांच तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “काका, रस्ता मोकळा होता. मी रोज येतों तिथून. त्या तिकडेच बघत होत्या.”

“मी रोज येतों तिथून.” हें वाक्य ऐकलें आणि आमच्या भाषणाचा शब्दहि तोंडांतून निघेना. आम्ही त्याच्या शेजारीं बांकावर बसलों.

कारण, वाचकहो, आम्हीहि रोज तिथून येत होतों. सकाळीं सातच्या सुमारास कचेरींत जातांना फर्ग्युसन रस्त्याचा वळसा आम्हीं कैक वर्षांपूर्वींच सोडून दिला होता. डेक्कनवरून सरळ, उलट्या दिशेनें, कडेकडेनें, जेथें तो मुलगा आला तेथूनच. त्या वेळीं रस्ता मोकळा असतो. आम्हांस अनुभव आहे. आम्ही सावकाश जातों. इतकीं उत्तरें आमच्यापाशीं तयार होतीं कीं प्रश्न विचारण्याची वेळच कधीं आली नाहीं. आणि सायकलस्वारांचे पांच वर्ग पाडतांना त्यांतील एकांतहि आम्ही स्वतःस घातलें नव्हतें. त्या मुलाची सायकल आणि आमची सायकल यांत फरक होता तो एवढाच कीं आमच्या वाटेंत कोणाच्या वहिनी आल्या नाहींत.

आंत गेल्यावर वहिनी वेदनेंतहि म्हणाल्या, “भावजी, त्या पोराला कांहीं बोलूं नका. तो पळून गेला नाहीं.” आम्ही म्हणालों, “नाहीं बोलत.” पुढें शस्त्रक्रिया झाली, आणि तीन महिने वहिनी घरांतल्या घरांत राहिल्या. भेटीस येणाऱ्या प्रत्येकास त्या कौतुकानें सांगत, “भावजी एवढे तापट, पण त्या पोराला एका शब्दानें बोलले नाहींत.” आमच्या मनाच्या मोठेपणाची ही कीर्ति दूरच्या नातेवाइकांपर्यंत गेली. आम्हीं ती खोडून काढली नाहीं. तो मुलगा परीक्षा झाल्यावर पेढे घेऊन आला, तेव्हां वहिनींनीं त्यास जेवूं घातलें. आणि त्याच्यासमोरहि त्यांनीं तीच स्तुति केली. मान खालीं घालण्याची वेळ वास्तविक आमची होती, पण घातली त्यानें.

आज वहिनी काठी घेऊन हिंडतात-फिरतात, नाटकासहि जातात. मात्र एकट्या जात नाहींत. रस्ता ओलांडतांना त्या बरोबरच्या माणसाचें मनगट घट्ट धरतात. एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे पाहतात, आणि मग पुन्हां एकदां दोन्हीकडे पाहतात. त्यांचें हें पाहणें पाहिल्यापासून नियम म्हणजे काय याविषयींची आमची समजूत पालटली. नियम पोलिसासाठीं असतो, आणि पोलिस नसेल तेथें तो शहाण्यानें आपल्या बुद्धीनें वांकवावा, असें आम्ही मनांतून मानीत होतों. आतां वाटतें, एकेरी रस्त्यावर जो माणूस एकाच बाजूस पाहतो, तो दुसऱ्या बाजूची जबाबदारी आपल्या सर्वांवर टाकून मोकळा झालेला असतो. त्यानें आपणांस पाहिलेलें नसतें, आपलें नांवहि त्यास ठाऊक नसतें. पण त्याचा विश्वास आपल्यावर असतो. नियम मोडणारा मोडतो तो हा विश्वास. रस्ता मोकळा होता कीं नव्हता, हा प्रश्न त्यानंतरचा.

आमची दिनचर्या आतां थोडी बदलली आहे. घरून दहा मिनिटें अगोदर निघतों. कधीं फर्ग्युसन रस्त्याचा वळसा घेतों. पाय दुखत असले तर डेक्कनला सायकलीवरून उतरतों आणि ती हातांत धरून जंगली महाराज रस्त्याच्या पदपथानें चालत जातों. हा पदपथ आतां चांगला रुंद झाला आहे. आठ-दहा मिनिटें लागतात. वडिलांचें वाक्य खरें होतें. उतरल्यानें कोणी लहान होत नाहीं. तें पटावयास आम्हांस साठी जवळ यावी लागली, इतकेंच.

सिग्नलला आम्ही रेषेच्या मागें उभे राहतों. यांत एक नवल पाहिलें. एक सायकलवाला स्वस्थ उभा असला तर मागून आलेला दुसरा पुष्कळदां त्याच्या शेजारीं येऊन उभा राहतो. नेहमींच नव्हे, वटवाघळें आहेत तशींच आहेत. पण आमच्या ओरडण्यानें चोवीस वर्षांत जेवढे थांबले, त्याहून अधिक आमच्या उभें राहण्यानें या दोन-अडीच वर्षांत थांबले असतील. चालत्या सायकलस्वारास आतां आम्ही हांक मारीत नाहीं. तो शेजारीं थांबलेला असला तरच बोलतों, आणि “दिसत नाहीं काय?” असें विचारीत नाहीं, कारण तो प्रश्न नसतो, चपराक असते. फक्त वहिनींची हकीकत दोन वाक्यांत सांगतों. कोणी “बरं, काका,” म्हणतो. कोणी ऐकलें न ऐकलेंसें करतो. एकजण म्हणाला, “मग तुमच्या वहिनींनीं दोन्हीकडे बघायला हवं होतं.” आम्ही म्हणालों, “आतां बघतात.” तो कांहीं बोलला नाहीं, पण त्या दिव्यापुरता तरी थांबून राहिला.

बिनदिव्यांना बोल लावणें आम्हीं अजिबात सोडलें आहे. पिशवींत एखादा लहानसा मागचा तांबडा दिवा बाळगतों. आमच्या गल्लींतून रात्रीं घरीं जाणाऱ्या एका पहारेकऱ्यास तो दिला तेव्हां त्यानें प्रथम किती पैसे म्हणून विचारलें, आणि मग संशयानें आमच्याकडे पाहत तो बसवून घेतला. आतां तो रोज जातांना मुद्दाम घंटी वाजवून, दिवा लागलेला आहे, हें आम्हांस दाखवून जातो. शिव्या देणाऱ्यांस मात्र आमच्यापाशीं अद्याप उपाय नाहीं. त्या ऐकून घेतों आणि घरीं येऊन पंगतींत सांगतों. संवय एकदम कशी सुटावी?

राहतां राहिली एक गोष्ट. हें मासिक आमच्या घरीं नेमानें येतें, आणि रीतीप्रमाणें तें प्रथम थोरल्या वहिनींच्या हातीं पडतें. आम्ही रोज तिथून येत होतों, हें आम्हीं त्यांस आजवर सांगितलेलें नाहीं. दोन-तीनदां सांगावयास बसलों, पण भोंवतीं माणसें होतीं असें कारण काढून उठलों. या अंकांत आमचें नांव पाहून त्या सर्वांआधीं हेंच पान उघडतील, नवा चष्मा नीट बसवतील, आणि येथवर वाचून झाल्यावर आम्हांस हांक मारतील. त्या काय बोलतील, याचा आम्हांस अंदाज नाहीं. अंक येईल त्या दिवशीं आम्ही कचेरींतून नेहमींच्या वेळींच घरीं येणार आहों. कांहीं निमित्त काढून उशीर करणार नाहीं.